युरोपला माल पाठवायचाय, ईएमसी टेस्टमध्ये अडकलोय, मार्गदर्शन हवंय

भोसरीकर_स्कॅनर

नमस्कार मंडळी. ईएमसी टेस्ट म्हणजे वस्तूने रेडिओ लहरींचा गोंगाट करू नये आणि बाहेरच्या गोंगाटाने बिघडू नये याची तपासणी. आमचं भोसरी एमआयडीसीत छोटं युनिट आहे, बारा माणसं, डिझाईन मी आणि अजून एक मुलगा बघतो. आम्ही आठ चॅनेलचा टेंपरेचर स्कॅनर बनवतो, थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) इनपुट, डेटा पाठवायला आरएस-४८५ आणि इथरनेट, २४ व्होल्ट डीसीवर चालतो, शीट मेटलचा डबा, वर पावडर कोटिंग. इथे हीट ट्रीटमेंटवाले नऊ वर्षं वापरतायत, तक्रार नाही. दिवाळीच्या आधी जर्मनीतल्या एका मशीन बनवणाऱ्या कंपनीने सँपल मागवले, त्यांना आवडले, आता वर्षाला तीनशे पीसची बोलणी चाललीयेत. आमच्यासाठी ही फार मोठी ऑर्डर आहे.

अडचण अशी की त्यांच्या परचेसवाल्या बाईंनी डिक्लरेशन ऑफ कन्फर्मिटी (वस्तू युरोपचे नियम पाळते असं लेखी जाहीर करणारा कागद) आणि टेस्ट रिपोर्ट मागितले. आमच्याकडे सीईचं (युरोपात माल विकायला लागणाऱ्या खुणेचं) सर्टिफिकेट होतं, तीन वर्षांपूर्वी एका कन्सल्टंटने काढून दिलेलं, जाड कागद, सोनेरी सील वगैरे. तेव्हा टेस्टिंग असं काही झालंच नव्हतं, तो फोटो आणि ब्रोशर घेऊन गेला आणि पंधरा दिवसांत सर्टिफिकेट आलं. तेच पाठवलं तर बाईंचं दोन ओळींचं उत्तर आलं की हा कागद आमच्या उपयोगाचा नाही, रिपोर्ट कुठे आहेत. खरं सांगतो, वाचून फार लाज वाटली, कारण माल आमचा चांगला आहे.

मग गेल्या आठवड्यात एका लॅबमध्ये अर्धा दिवस चेंबर (बाहेरच्या लहरी अडवणारी टेस्टची खोली) घेतलं, नुसतं बघायला. रेडिएटेड एमिशनमध्ये (वस्तूतून हवेत पडणाऱ्या गोंगाटात) १२५ मेगाहर्ट्झला ५९ डीबी आलं आणि क्लास ए ची (कारखान्यातल्या वस्तूंची) लाइन ३ मीटरला ५० आहे, म्हणजे सरळ ९ डीबी वर. १७५ आणि २२५ ला पण टोकं वर गेलीयेत. आणि १० व्होल्ट पर मीटरची फील्ड (रेडिओ लहरी) सोडली की चौथ्या चॅनेलचं रीडिंग १४ डिग्रीने उडी मारतं, फील्ड बंद केली की जागेवर. इंजिनिअर म्हणाला डिझाईनमध्ये बदल करून परत या, पण नक्की कुठे बदल करू ते काही कळेना. पीसीबी (सर्किट बोर्ड) नव्याने करायचा म्हटलं तर तीन महिने गेले. आणि मुळात हे सीई कोण देतं, कुणाकडे अर्ज करायचा, हेच मला नीट माहीत नाहीये. कुणी या रस्त्याने गेलं असेल तर सांगा प्लीज.

चेंबरमधली

दादा, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते कारण तिथेच बहुतेक लोकांची फसगत होते. सीई कुणी देत नाही. तुमच्या प्रॉडक्टला ईएमसी डायरेक्टिव्ह (युरोपचा कायदा) लागतं, २०१४/३०/ईयू, ते २० एप्रिल २०१६ पासून लागू आहे, आणि त्यात उत्पादकाने स्वतः तपासायचं, स्वतः फाइल बनवायची, स्वतः सही करायची असाच मुख्य मार्ग आहे, त्याला मॉड्यूल ए म्हणतात. नोटिफाइड बॉडीकडे (सरकारमान्य तपासणी संस्थेकडे) जाणं ईएमसीसाठी ऐच्छिक आहे. म्हणजे डिक्लरेशनवर सही तुमच्या कंपनीची, जबाबदारी तुमची. तुम्हाला जे सोनेरी सीलवालं मिळालं त्याला कायद्यात जागाच नाही, त्यामुळे त्या बाईंनी नाकारलं ते बरोबरच केलं. अकरा वर्षं मी ईएमसी लॅबमध्ये आहे आणि असे कागद हातात घेऊन आलेली कितीतरी मेहनती माणसं बघितलीयेत, दर वेळी वाईट वाटतं, कारण तेवढ्या पैशात चेंबरचे काही तास तरी मिळाले असते.

२४ व्होल्ट डीसी असल्यामुळे लो व्होल्टेज डायरेक्टिव्ह लागत नाही, ते डीसीला ७५ व्होल्टपासून सुरू होतं. पण सोबत २३० व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर देणार असाल तर त्या अ‍ॅडॅप्टरचे स्वतःचे कागद लागतील, आणि अ‍ॅडॅप्टरला सीई आहे म्हणून तुमचा डबा आपोआप पास असं अजिबात नाही. दोन सीईवाल्या वस्तू जोडल्या की तिसरी सीईवाली होत नाही, जोडून जे तयार होतं ते परत तपासावं लागतं. रोह्स (घातक पदार्थांवरचं डायरेक्टिव्ह) २०११/६५/ईयू मात्र लागेल, त्याचे कागद कंपोनंटवाल्यांकडून आत्ताच मागायला लागा, ते यायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

तुमच्या वस्तूला स्टँडर्ड ईएन ६१३२६-१, मोजमाप आणि कंट्रोलच्या उपकरणांसाठी आहे ते. एमिशनच्या लिमिट ईएन ५५०११ वरून येतात. इंडस्ट्रियल टेबल घ्या: ईएसडी (स्थिर विजेचा झटका) काँटॅक्ट ४ केव्ही आणि एअर ८ केव्ही, फील्ड १० व्होल्ट पर मीटर, ईएफटी (तारेवरून येणारे झटपट छोटे झटके) पॉवरला २ केव्ही आणि सिग्नलला १ केव्ही, सर्ज (मोठा झटका), कंडक्टेड आरएफ (तारेवरून येणाऱ्या रेडिओ लहरी) ३ व्होल्ट. एक काळजी घ्या, स्टँडर्डची कुठली आवृत्ती चालते ते युरोपियन युनियनच्या राजपत्रातल्या यादीत बघूनच लॅबला सांगा. त्या यादीतलं स्टँडर्ड पूर्ण पाळलं की डायरेक्टिव्ह पाळलं असं धरलं जातं, आणि तुमचं अर्धं काम तिथेच होतं.

आता १४ डिग्रीचं. टेस्ट प्लॅन तुम्ही लिहिलाय का? माझा अंदाज नाही. हे फार महत्त्वाचं आहे, टेस्ट चालू असताना रीडिंग किती हललं तर चालेल हे लॅब ठरवत नाही, तुम्ही ठरवता, आणि तेच मॅन्युअलमध्ये छापता. फील्ड ही कायम असणारी गोष्ट धरतात म्हणून तिथे क्रायटेरियन ए, म्हणजे टेस्ट चालू असताना पण वस्तू तुम्ही सांगितलेल्या मर्यादेत चालली पाहिजे. ईएसडी, ईएफटीला बी, म्हणजे क्षणभर गडबडली तरी आपली आपण सावरली पाहिजे. हँग झाली आणि पॉवर बंद-चालू करावी लागली तर ते बी मध्ये बसत नाही. तुम्ही दोन डिग्री लिहिलंत तर दोन, पण १४ लिहिलंत तर भट्टीवाला कशाला घेईल, त्यामुळे सर्किट सुधारावंच लागेल.

लॅब निवडताना एनएबीएलची (लॅबना मान्यता देणाऱ्या भारतीय संस्थेची) मान्यता आहे का एवढंच विचारू नका, तुमचं स्टँडर्ड त्यांच्या स्कोपमध्ये आहे का ते विचारा. आपल्याकडे मुंबईत समीर आहे, ईआरटीएल वेस्ट आहे, पुण्यात एआरएआय आहे, खासगीही बऱ्याच झाल्यात.

फ्रँकोनियातला_सातारकर

मी न्यूर्नबर्गजवळ एका मशीन कंपनीत आहे, खरेदीच्या बाजूलाच, त्यामुळे ती परचेसवाली बाई काय विचार करते ते सांगू शकतो. तिला त्रास द्यायचा नसतो हो. बाहेरच्या देशातून थेट माल मागवला की कायद्याने तिची कंपनी इंपोर्टर होते, आणि मग डिक्लरेशन आहे का, टेक्निकल फाइल बनलीये का, वस्तूवर नाव पत्ता सिरियल नंबर आहे का हे बघणं तिच्या कंपनीवर येतं. इथे ईएमसीची बाजारातली तपासणी बुंडेसनेट्झआगेंटूर ही सरकारी संस्था करते, आणि कस्टमला शंका आली तर ते माल थांबवून त्यांना विचारतात. एकदा थांबला की आठवडे जातात आणि तिकडे मशीनची डिलिव्हरी अडकते.

१६ जुलै २०२१ पासून रेग्युलेशन २०१९/१०२० चं कलम ४ लागू झालंय, त्यात ईएमसीवाल्या वस्तू येतात, युरोपमध्ये जबाबदार असा कुणीतरी असलाच पाहिजे, इंपोर्टर किंवा तुम्ही लेखी नेमलेला प्रतिनिधी. तुमच्या केसमध्ये हीच कंपनी इंपोर्टर असेल तर प्रश्न मिटला, पण उद्या तुम्ही ऑनलाइन सुटे विकायला लागलात तर वेगळी सोय करावी लागेल.

छोट्या गोष्टींवरून माल परत गेलेला बघितलाय म्हणून सांगतो. सीईची खूण कमीत कमी ५ मिलिमीटर उंच, आणि अक्षरांचं प्रमाण ठरलेलं आहे, दोन अक्षरं उगाच जवळ ढकलू नका. डिक्लरेशनमध्ये मॉडेल नंबर आणि लेबलवरचा मॉडेल नंबर अक्षर न अक्षर एकच पाहिजे, आमच्याकडे एकदा शेवटचं एक अक्षर वेगळं होतं आणि तेवढ्यावर दोन आठवडे पत्रव्यवहार झाला. मॅन्युअल जर्मनमध्ये द्या. क्लास ए म्हणून पास करणार असाल तर घरगुती वस्तीत वापरासाठी नाही हे सोबतच्या कागदात स्पष्ट लिहावं लागतं, आणि जिथे गरज आहे तिथे खोक्यावरही. आणि सगळी फाइल शेवटचा पीस बाजारात गेल्यापासून १० वर्षं सांभाळायची, ती एका माणसाच्या लॅपटॉपवर ठेवू नका.

एक मनापासून सांगू का, बाईंना आजच मेल करा. आधीचा कागद चुकीचा होता, आम्ही खऱ्या टेस्ट करतोय, अमुक तारखेपर्यंत रिपोर्ट देतो असं सरळ लिहा. इथली माणसं सरळ सांगितलेलं मानतात. गप्प बसलात तर ऑर्डर जाईल.

जुना_लेआउटवाला

वरचं दोघांचं अगदी बरोबर आहे, मी फक्त डब्यात काय करायचं ते सांगतो. तीस वर्षं पीसीबी आणि पॅनेल केलेत.

१२५, १७५, २२५, ही तिन्ही २५ मेगाहर्ट्झची पाचवी, सातवी, नववी पट. इथरनेटच्या चिपला २५ चा क्रिस्टल (चिपला ठरलेले ठोके देणारा भाग) असणार तुमचा. पण क्रिस्टलच्या मागे लागू नका, तो आवाज करणारच, प्रश्न हा की तो बाहेर कुठून पडतोय. एवढासा बोर्ड १२५ ला स्वतः फारसा रेडिएट करू शकत नाही, केबल करते. परत चेंबरला गेलात की पहिल्यांदा एकेक केबल काढून बघा, इथरनेट काढा, बघा, लावा, मग ४८५ काढा, बघा. दहा मिनिटांचं काम आहे आणि अंदाजाने महिनाभर सोल्डरिंग करण्यापेक्षा लाख पटीने बरं. एक मीटर केबलवर ५ मायक्रोअँप कॉमन मोड करंट (सगळ्या तारांतून एकाच दिशेने वाहणारा) असला तरी ५० मेगाहर्ट्झच्या आसपास ३ मीटरला ४० डीबीची क्लास बी ची (घरगुती वस्तूंची, जास्त कडक) लाइन गाठली जाते. तुमची लाइन त्याच्या १० डीबी वर आहे म्हणजे तुम्हाला तिप्पट सूट, तरी बघा किती कमी करंट झाला तो.

आता मी न बघता एक अंदाज बांधतो, ४८५ च्या शिल्डेड केबलचं जाळं (तारांभोवतीचं धातूचं आवरण, म्हणजे शिल्ड) तुम्ही पिळून त्याची शेपटी केलीये, वर हिरवी स्लीव्ह घातलीये आणि ती टर्मिनलच्या ग्राउंडला लावलीये. बरोबर? सगळेच असं करतात कारण दिसायला नीटनेटकं दिसतं. पण तारेचं इंडक्टन्स साधारण मिलिमीटरला १ नॅनोहेन्री धरा, शेपटी ६० मिलिमीटरची असली तर ६० नॅनोहेन्री, आणि १२५ मेगाहर्ट्झला ते ४७ ओहम होतात. म्हणजे तुम्ही शिल्ड अर्थ केलंच नाहीये, ४७ ओहममधून लोंबकळत ठेवलंय, आणि वर ते टोक बोर्डाच्या गोंगाट करणाऱ्या ग्राउंडला नेऊन जोडलंय, म्हणजे शिल्डच अँटेना झालं. शेपटी कापा. केबल जिथे डब्यात शिरते तिथेच बाहेरचं पीव्हीसी सोलून जाळं उघडं करा आणि धातूच्या क्लँपने चारी बाजूंनी दाबून थेट पत्र्याला बसवा.

आणि पत्र्याचं बघा. पावडर कोटिंग म्हणजे इन्सुलेटर. तुमचं झाकण आणि खालचा डबा स्क्रूने घट्ट असतील पण मल्टीमीटरचा एक प्रोब झाकणाच्या कडेवर आणि एक डब्यावर ठेवा, बहुतेक ओपन दाखवेल, किंवा एका स्क्रूच्या आट्यांवरून कसंबसं जोडलेलं असेल. आरजे-४५ चं (इथरनेटच्या सॉकेटचं) धातूचं कवच मागच्या पत्र्याला टेकतंय का ते पण बघा, तिथेही रंग असतो. आत्तापुरतं पॉलिश पेपरने रंग खरवडा, पुढच्या लॉटपासून कोटिंगवाल्याला मास्किंगचं ड्रॉइंग द्या, क्लँपची जागा, कनेक्टरच्या भोवती आणि झाकणाची कड. खर्च फार येत नाही, फक्त कोटिंगवाल्याच्या माणसाला शेजारी उभं राहून दाखवावं लागतं कुठे टेप लावायची.

फेराइट (केबलवर चढवायचं, गोंगाट अडवणारं कडं) लावणार असाल तर निकेल-झिंकचा घ्या, मँगनीज-झिंक एवढ्या वरच्या फ्रीक्वेन्सीला उपयोगाचा नाही. केबलचे दोन वेढे गेले तर इंपीडन्स साधारण चौपट होतो. पण फेराइट आधी लावू नका, आधी अर्थिंग नीट करा, नाहीतर दर पीसला कायमचा खर्च पडतो आणि फिल्डवर कुणीतरी तो काढून टाकतो.

थर्मोकपलचं. वाकडं रीडिंग म्हणजे आरएफ आत शिरून अ‍ॅम्प्लिफायरच्या इनपुटला रेक्टिफाय होतंय, त्याचा डीसी ऑफसेट बनतो आणि तुमच्या फिल्टरिंगच्या सॉफ्टवेअरला तो खरा सिग्नलच वाटतो. के टाइपला एका डिग्रीला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट, म्हणजे १४ डिग्रीला अर्ध्या मिलिव्होल्टच्या थोडं वर, एवढंच बिघडतंय. टर्मिनलच्या अगदी जवळ, चिपजवळ नाही, दोन्ही तारांत सारखे रेझिस्टर आणि प्रत्येकी छोटा कपॅसिटर ग्राउंडला, आणि दोन तारांच्या मध्ये त्याच्या निदान दहापट मोठा कपॅसिटर. मधला मोठा का, तर दोन बाजूंचे छोटे कधीच तंतोतंत सारखे नसतात आणि तो फरक परत सिग्नलमध्ये येतो. चारच नंबरचा चॅनेल का जास्त बिघडतोय ते लेआउटमध्ये बघा, त्याचा ट्रॅक लांब असेल किंवा ग्राउंडच्या चिरेवरून (ग्राउंडच्या तांब्यातल्या फटीवरून) जात असेल.

भोसरीकर_स्कॅनर

सगळ्यांचे मनापासून आभार, तीन आठवड्यांनी लिहितोय कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं. मेल त्याच रात्री केला, बाईंचं उत्तर आलं की धन्यवाद, मार्चअखेरपर्यंत थांबू.

काका, शेपटी होती. ६५ मिलिमीटर, हिरवी स्लीव्ह. नऊ वर्षं आमची वायरिंगवाली ताई ती इतकी सुबक करते की आम्ही पाहुण्यांना दाखवायचो. आणि झाकण-डबा मल्टीमीटरला ओपन.

चेंबरला जाऊन आधी केबल काढायचा प्रयोग केला. इथरनेट काढली, १२५ वर दोन डीबीचा फरक. ४८५ काढली आणि टोक एकदम खाली बसलं, आम्ही दोघं स्क्रीनकडे बघतच राहिलो, कारण आम्ही तोवर सगळा वेळ इथरनेटवरच घालवत होतो. मग सोबत नेलेले क्लँप बसवले, रंग खरवडला, आरजे-४५ च्या भोवती कंडक्टिव्ह गॅस्केट लावलं. आता १२५ ला ४४ आहे, म्हणजे ५० च्या ६ डीबी खाली, १७५ आणि २२५ त्याहून खाली. फेराइट लागलाच नाही. पीसीबीला हात न लावता.

थर्मोकपलला मात्र बोर्ड बदलावा लागतोय, चौथा चॅनेल खरंच ग्राउंडच्या चिरेवरून जात होता, अंदाज अगदी बरोबर निघाला. तोवर जुन्या बोर्डवर टर्मिनलच्या पायांवरच कपॅसिटर सोल्डर करून बघितलं तर १४ चं दीड डिग्री झालं. टेस्ट प्लॅन लिहिला, मर्यादा दोन डिग्री ठेवलीये आणि मॅन्युअलमध्ये तसं छापतोय. ईएसडीला पुढच्या कीपॅडच्या कडेला ८ केव्ही एअरला एकदा रीसेट झाला पण स्वतः परत चालू झाला, ते बी मध्ये चालेल ना? आणि ताई अजून एक विचारायचं होतं, पुढच्या वर्षी वायफायवालं मॉडेल काढायचंय, रेडीमेड मॉड्यूल लावणार, त्याला त्यांचा सीई आहे, मग ह्याच फाइलमध्ये ते जोडता येईल का?

चेंबरमधली

४४ वाचून खूप बरं वाटलं, खरंच.

रीसेट होऊन स्वतः सावरला तर बी मध्ये चालतं, पण साठवलेली सेटिंग आणि लॉग जसेच्या तसे राहिले पाहिजेत, ते मुद्दाम तपासा आणि टेस्ट प्लॅनमध्ये तसं लिहा. आणि रीसेट होताना रिले आउटपुट क्षणभर ऑन होतो का ते ऑसिलोस्कोप लावून बघा, भट्टीला हीटर जोडलेला असतो. डायरेक्टिव्ह टेक्निकल फाइलमध्ये जोखमीचं विश्लेषण मागतं, ते म्हणजे असाच विचार कागदावर मांडणं आहे.

वायफायचं उत्तर नाही असं आहे. रेडिओ आला की वस्तू ईएमसी डायरेक्टिव्हमधून बाहेर पडते आणि रेडिओ इक्विपमेंट डायरेक्टिव्हमध्ये जाते, २०१४/५३/ईयू. त्यात ईएमसी आहेच, पण स्टँडर्ड ईएन ३०१ ४८९ ची मालिका येते, शिवाय सुरक्षितता येते आणि तिथे व्होल्टेजची खालची मर्यादा नाही, म्हणजे तुमच्या २४ व्होल्टलाही लागते. आणि इंटरनेटला जोडता येणाऱ्या रेडिओ उपकरणांना १ ऑगस्ट २०२५ पासून सायबर सुरक्षेच्या अटी लागू झाल्यात, ईएन १८०३१ बघा, डिफॉल्ट पासवर्ड ठेवून चालणार नाही. मॉड्यूलवाल्याचे रिपोर्ट रेडिओच्या भागासाठी वापरता येतील, पण त्यांनी सांगितलेलीच अँटेना आणि त्यांनी सांगितलंय तसंच बसवलं तर. डबा तुमचा धातूचा, म्हणजे अँटेना बाहेर काढावी लागणार, तिथेच पहिला प्रश्न येईल. त्यामुळे आत्ताचं मॉडेल वायफायशिवाय, वेगळ्या मॉडेल नंबरने पास करून ऑर्डर सुरू करा, दुसऱ्याची फाइल वेगळी.

आणि हो, रिपोर्टमधल्या पीसचे फोटो आतून काढून फाइलमध्ये ठेवा, क्लँप आणि खरवडलेला रंग स्पष्ट दिसेल असे. उद्या स्टोअरवाल्याने स्वस्त मिळाला म्हणून २४ व्होल्टचा कन्व्हर्टर दुसऱ्या कंपनीचा घेतला तर तो आधी माझ्यासारख्या कुणाला तरी दाखवून मगच लावा, त्या एका बदलाने सगळा आलेख बदलू शकतो.

जुना_लेआउटवाला

वायरिंगवाल्या ताईंना क्लँप बसवायचं तुम्ही स्वतः शिकवा. जाळं सोलताना ब्लेडने त्याच्या तारा तुटायला नकोत, नुसतं वरचं पीव्हीसी गोल कापून ओढायचं. नऊ वर्षं सुबक शेपटी करणारा हात आहे तो, एकदा दाखवलं की हेही तसंच करतील.